रक्तातलं दुप्पट

१

भिंगरीने दार ढकललं, पण ते अर्ध्यातच अडलं. आतून काहीतरी दारावर आपटत होतं. एका ठेक्यात, ठक्, ठक्, ठक्. पुस्तकाची पाठ गोल करायला मामा लाकडी हातोडीने ठोकायचा, तसाच आवाज. सकाळीच कामाला लागला वाटतं, म्हणून तिला हसूसुद्धा आलं. मग फटीतून तिची नजर खाली गेली. ती मामाची टाच होती.

अंग चोरून ती आत शिरली. मामा जमिनीवर पडला होता. डोळे वर गेलेले, दात घट्ट मिटलेले, ओठाच्या कडेला फेस. अख्खं शरीर कोणी आतून गदागदा हलवत असावं तसं उडत होतं. शिवायचे राहिलेले कागद त्याच्याखाली चुरगळत होते. टेबलावर किटली वाफ सोडत होती, खळीत ब्रश तसाच बुडालेला होता, आणि किटलीच्या तोंडापाशी औषधाचं एक रिकामं खोकं होतं. त्याच्यावरचं लेबल अर्धवट सुटून वर कुरळं झालं होतं.

"मामी!" ती ओरडली, पण कोणी आलं नाही. तिने मामाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कागदांचा गठ्ठा सरकवला आणि पुन्हा ओरडली. या वेळी मात्र शेजारची दारं उघडल्याचे आवाज आले.

मामा पुस्तकबांधणीचं काम करायचा. जन्मभर कागदाची धूळ छातीत गेली, आणि त्यावर उतारा म्हणून की काय, तो सिगारेट ओढायचा. व्हायचं तेच झालं. छाती भात्यासारखी वाजू लागली. मग छातीच्या डॉक्टरांनी थिओफिलीनच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. भिंगरी कॉलेजसाठी मामाकडे राहायला आली आणि विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र घेतलं, तेव्हापासून गोळ्यांची डबी भरायचं काम तिच्याकडे आलं. "घरात अर्धी डॉक्टरीण आहे," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

हॉस्पिटलमध्ये बराच वेळ गेल्यावर एक तरुण डॉक्टर बाहेर आले. झटके थांबलेत, पण हृदयाचे ठोके अजून ताळ्यावर नाहीत, असं म्हणाले. मग त्यांनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला.

"यांच्या रक्तात थिओफिलीन आहे. असायला हवं त्याच्या दुप्पट." त्यांनी मान वर केली. "यांना गोळ्या कोण देतं?"

मामीने भिंगरीकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. कोणी बोट दाखवलं नाही, पण त्याची गरजही नव्हती.

२

दादा म्हणजे मामाचा मुलगा. औषध कंपनीचा प्रतिनिधी. नमुन्यांची बॅग खांद्याला लावून दवाखान्यांच्या पायऱ्या चढायच्या, हे त्याचं काम. भिंगरीला त्याने सायकल शिकवली होती. आज मात्र तो तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता.

"मी कोणाचं नाव घेत नाही," तो हॉस्पिटलने बोलावलेल्या इन्स्पेक्टरना म्हणाला, "पण डबी ती भरते. या औषधाचा योग्य डोस आणि घातक डोस किती जवळजवळ असतात, हे आमच्या घरात तिलाच माहीत आहे. त्याच धड्याची परीक्षा झाली तिची."

"दादा, तुलाही माहीत आहे ना!" भिंगरी म्हणाली. "तूही औषधंच विकतोस."

"बघा!" दादा म्हणाला.

 इन्स्पेक्टर तसे सौम्य गृहस्थ होते, आवाज चढवत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. डबी मघाशीच विषबाधा विभागात तपासायला दिल्याचं आणि बांधणीच्या खोलीला कुलूप लावल्याचं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "संध्याकाळी जबाबाला या. तोवर शहराबाहेर जायचं नाही."

तेवढ्यात जिन्यावर टाचांचा आवाज आला. भिंगरीने तो वर्गात इतक्या वेळा ऐकला होता की तिची पाठ आपोआप ताठ झाली. गोळीबारबाई! खरं नाव कोणी वापरतच नसे. त्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या आणि हॉस्पिटलचा विषबाधा विभागही सांभाळायच्या. विषय गोळ्यांचा आणि प्रश्न बंदुकीसारखे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव.

आता कोणीतरी आपल्या बाजूचं आलं, असं वाटून भिंगरीला रडू फुटलं.

"रडणं नंतर," बाई म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी आहेस म्हणून तुला सूट नाही. उलट तुझ्यावर संशय घ्यायला मला जास्त कारण आहे. डबीतल्या गोळ्या मी तपासल्या. प्रत्येकीत लिहिलंय तेवढंच औषध आहे. पाकिटातून जितक्या गोळ्या गेल्या, त्या दिवसांच्या हिशेबाशी बरोबर जुळतात. एकही जास्त नाही, कमी नाही. तरी रक्तात दुप्पट. याचे अर्थ दोन निघतात. एक, बाहेरून कोणीतरी आणखी खायला घातलं. दुसरा?"

भिंगरीने नुसती मान हलवली. 

"वर्गातही तू इथेच अडतेस," बाई म्हणाल्या आणि मामीकडे वळल्या. "चला, मला तुमचं स्वयंपाकघर बघायचंय."

३

मामीने घरात आल्याआल्या गॅसवर पाणी ठेवलं आणि मग ते कशासाठी ठेवलं हेच विसरली. बाई स्टूल ओढून बसल्या.

"ते खायचे काय, प्यायचे काय, सगळं सांगा. लपवू नका."

"लपवायचं काय त्यात? सकाळी कॉफी, संध्याकाळी कॉफी. लग्न झाल्यापासून तेच माप, तोच कप." मामीने तो कप ओट्यावरून उचलला. "पण हल्ली तीही सोसत नव्हती त्यांना. संध्याकाळची कॉफी घेतली की डोळ्याला डोळा लागायचा नाही. छातीत धडधड. मी म्हटलं, पावडर बदलली का दुकानदाराने? तर पाकीट तेच!"

"आणखी?"

"हात थरथरायचे. सुई ओवता यायची नाही. अन्नावरची वासना गेली, मळमळायचं. चिडायचेही फार. पण ते सिगारेटमुळे."

"सिगारेट ओढायचे?"

"छे! सोडली!" मामीच्या चेहऱ्यावर त्या सगळ्या रडारडीत पहिल्यांदा थोडं तेज आलं. "महिना होत आला. एकसुद्धा नाही. मी किती वर्षं डोकं आपटलं, पण ऐकलं ते शेवटी औषधवाल्या काकांचं. त्यांनी निकोटीनचा च्युइंगगम दिला, रोज संध्याकाळी चौकशी केली, सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलं. थरथर, झोप उडणं, मळमळ, हे सगळं सिगारेट सुटताना होतंच, घाबरू नका, असंही तेच म्हणाले."

औषधवाले काका मामाचे शाळेपासूनचे मित्र. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्यांचं. भिंगरीच्या लहानपणी ते तिला खोकल्याच्या गोड गोळ्या द्यायचे.

"आणि रक्त?" बाईंनी विचारलं. "या औषधावर असलेल्या माणसाचं रक्त अधूनमधून तपासायला लागतं."

"झालं की! आत्ताच, आठवडाभरापूर्वी. डॉक्टरांनी तारीख लिहिली होती. मी हॉस्पिटलला न्यायला निघाले होते, तर काका म्हणाले, वहिनी, एवढे जिने चढायला लावू नका त्याला. घरी येऊन त्यांनीच रक्त काढून नेलं. रिपोर्ट अगदी उत्तम आला म्हणाले. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा."

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 

बाहेरच्या खोलीत दादा फोनवर कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. बांधणीची खोली त्याला नमुन्यांच्या खोक्यांसाठी हवी होती, आणि मामा जिवंत असेपर्यंत ती मिळणार नव्हती. हे भिंगरीला ठाऊक होतं. पण सायकलच्या मागे धावणारा दादा तिला आठवला आणि तिने ते बाईंना सांगितलं नाही. मग न सांगितल्याचीही भीती वाटू लागली.

जाताना बाई म्हणाल्या, "मी विभागात जाऊन एक गोष्ट पडताळते. तू घरातच थांब."

त्या गेल्या आणि इन्स्पेक्टरांचा फोन आला. मागचा रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे? जबाबाला येताना घेऊन या.

भिंगरीच्या मनात चक्र फिरू लागलं. आठवड्यापूर्वी पातळी उत्तम होती आणि आज दुप्पट आहे, तर या एका आठवड्यात कोणीतरी मामाला औषध चारलं. आणि औषध देणारे हात घरात एकच! तो रिपोर्ट म्हणजे तिच्या गळ्यातला फास होता. तरी तो न्यावाच लागणार. बाई "घरात थांब" म्हणाल्या होत्या, पण पोलिसांचं ऐकू की बाईंचं? शेवटी तिने चपला घातल्या आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाली.

४

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिला बघताच काका काउंटरच्या बाहेर आले. डोळे लाल होते.

"कसा आहे गं तो? शुद्धीवर आला?"

"अजून नाही."

"काही बोलला का? एखादा शब्द?"

"नाही, काका."

काकांनी सुस्कारा सोडला. मग हात वर करून शटर अर्ध्यावर ओढलं. "दुपारचं बंदच करायचं होतं," ते म्हणाले. दुकानात अंधार भरला. बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे फक्त पाय दिसत होते.

"मागचा रिपोर्ट हवाय," भिंगरी म्हणाली. "पोलिसांनी मागितलाय."

"रिपोर्ट." त्यांनी तो शब्द चाखून बघावा तसा उच्चारला. "हॉस्पिटलच्या लॅबलाच दिलं होतं रक्त. कागद बघावा लागेल कुठे ठेवलाय तो. पण पातळी मला पाठ आहे, अगदी मधोमध होती. काळजी करू नकोस, मी सांगेन तसं पोलिसांना." ते जवळ आले. "बांधणीच्या खोलीत गेली होतीस ना तू? टेबलावर माझं एखादं खोकं राहिलंय का?"

"खोलीला पोलिसांनी कुलूप लावलंय."

काकांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त काउंटरवर ठेवलेली त्यांची बोटं हळूहळू मिटली.

"थरथरतेयस, पोरी," ते मायेने म्हणाले. त्यांनी मागच्या खणातून गोळ्यांची एक पट्टी काढली, एक पांढरी गोळी फोडून तिच्या तळहातावर ठेवली आणि पेल्यात पाणी ओतलं. "घे. मन शांत होईल. जबाब द्यायचाय ना?"

"घरी जाऊन घेते."

"आत्ता घे. माझ्यासमोर घे."

शटर अर्ध्यावर होतं. वाकून पळायचं म्हटलं तर काका मध्ये उभे होते. गोळी जिभेखाली लपवावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि लगेच वर्गातलं वाक्य कानात घुमलं: जिभेखालचं औषध थेट रक्तात जातं, यकृताची वाटही बघत नाही. तिने मूठ तोंडाशी नेली, मान मागे टाकली आणि घटाघटा पाणी प्यायली. गोळी करंगळी आणि तळव्याच्या मध्ये दाबलेली होती. घामाने ती विरघळतेय असं तिला वाटत होतं.

"शहाणी माझी," काका म्हणाले आणि त्यांनी शटर वर केलं.

पहिल्या वळणापर्यंत ती चालली. त्यानंतर मात्र धावत सुटली.

५

बाईंच्या विभागात ती पोचली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. काकांच्या दुकानात घडलेलं सगळं सांगून तिने मूठ उघडली. बाईंनी चिमट्याने गोळी उचलून दिव्याखाली धरली, तिच्यावरची खूण वाचली.

"झोपेची. विष नाही. पण ही घेऊन तू जबाबाला गेली असतीस तर जीभ जड, डोळे मिटलेले. मग इन्स्पेक्टरनी मला तुझं रक्त तपासायला लावलं असतं, आणि त्यात औषध निघालं असतं. पोरगीच गोळ्या खाते म्हटल्यावर पुढे कोणाला शोधायचं?" त्यांनी गोळी काचेच्या झाकणाखाली ठेवली. "तुला घरात थांब म्हणाले होते."

"मॅडम, मला फार भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," बाई म्हणाल्या, आणि हे ऐकून भिंगरी आणखीच घाबरली. "म्हणून नीट विचार कर. भीतीत विचार करता आला तरच तो उपयोगाचा. तुझी मामी काय म्हणाली? बाधत होतं ते फक्त औषधच?"

"कॉफीपण सोसत नव्हती."

"माप?"

"तेच. म्हणजे..." भिंगरी थांबली. तिने डोळे मिटले. "कॉफीचं माप तेच, तरी जास्त चढत होती. गोळ्यांचं माप तेच, तरी रक्तात जास्त. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या हातांनी दिलेल्या. मामीने कॉफी वाढवली नाही आणि मी गोळी वाढवली नाही. मग एकदम दोन्ही कसं वाढेल?"

"न्हाणीघरात पाणी तुंबलं, तर नेहमी नळालाच दोष द्यायचा?"

"नाही. मोरी बघायची." तिने डोळे उघडले. "आत जाणारं वाढलं नाही. बाहेर जाणं कमी झालं. यकृत! थिओफिलीन आणि कॉफीतलं कॅफिन, दोन्ही मोडणारं एन्झाइम एकच आहे. ते मंदावलं. कशाने?"

"घरात महिन्याभरात बदललं काय?"

"सिगारेट सुटली. पण मॅडम, ते शक्य नाही. च्युइंगगममधून निकोटीन तर जातच होतं. शरीराला फरक कळायला नको."

बाई पहिल्यांदा हसल्या, पण त्यात आनंद नव्हता. "इथेच सगळे फसतात. मोरी रुंद करतो तो धूर, निकोटीन नव्हे. जळत्या तंबाखूच्या धुरातले पदार्थ यकृताला ते एन्झाइम जास्त बनवायला लावतात. तुझा मामा वर्षानुवर्षं ओढत होता, म्हणून त्याची मोरी रुंद होती, आणि म्हणूनच डॉक्टरांनी त्याला मोठा डोस लावला होता. धूर थांबला, मोरी पूर्वीच्या मापावर आली आणि नळ तेवढाच सोडलेला राहिला. सिगारेट सोडणं चांगलंच. फक्त डोस कमी करायला हवा होता. रक्त तपासलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. इथे आल्यावर 'सिगारेट ओढत नाहीत' असं तुम्ही अभिमानाने सांगितलंत, आणि त्या पोरसवदा डॉक्टरने पुढे विचारलंच नाही."

"म्हणजे कोणी काहीच केलं नाही? अपघात?" भिंगरीचा जीव भांड्यात पडायला आला होता. मग तो तिथेच अडकला. "पण रक्त तर तपासलं होतं. रिपोर्ट उत्तम होता."

बाईंनी शेजारच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. त्यामागे एक करड्या रंगाचं यंत्र गुणगुणत होतं.

"काका संध्याकाळी मामीला भेटायला इथेच येणार आहेत," त्या म्हणाल्या. "सिगारेटबद्दल आपल्या दोघींत जे झालं, ते कोणालाही सांगू नकोस. इन्स्पेक्टरना मी सांगेन. तू फक्त माझ्याजवळ उभी राहा. काही झालं तरी."

६

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकांवर मामी आणि दादा बसले होते. इन्स्पेक्टर खिडकीशी उभे होते. काका फळांची पिशवी घेऊन आले, मामीशेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. भिंगरीला टक्क जागी पाहून त्यांची नजर तिच्यावर जरा जास्त वेळ थांबली.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "एक बारीकसा खुलासा हवा होता. गेल्या आठवड्यातलं रक्त कुठल्या लॅबला दिलंत?"

"तुमच्याच."

"पातळी किती आली?"

"तेरा. अगदी हवी तशी."

"या शहरात थिओफिलीन मोजणारं यंत्र एकच आहे, आणि ते माझ्या टेबलाला लागून आहे. तुमच्या मित्राचं रक्त तिथे या महिन्यात आज पहिल्यांदा आलं."

दादा उठून उभा राहिला. काकांनी कपाळावरचा घाम टिपला.

"मग नमुना वाटेत कुठेतरी गहाळ झाला असेल. मला फोनवर कोणीतरी सांगितलं, नीट आठवत नाही."

"जे रक्त तपासलंच नाही, त्याचा आकडा फोनवर कोणी सांगितला?"

"अहो, चूक झाली असेल ऐकण्यात! मी त्याचा मित्र आहे. त्याच्या भल्यासाठीच केलं सगळं." काकांचा आवाज चढला. "आणि केलं काय मी? त्याला सिगारेट सोडायला लावली, हा काय गुन्हा आहे?"

  ते वाक्य भिंगरीला खटकलं, पण बाकी कोणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. तिने तोंड उघडलं. आवाज अगदी बारीक निघाला.

"काका, सिगारेटचं नाव कोणी काढलं?"

काकांनी फळांची पिशवी जवळ ओढली.

"इथे सगळे गोळ्यांबद्दल बोलतायत," ती म्हणाली. आता थांबायचं म्हटलं तरी तिला थांबता येत नव्हतं. "सकाळपासून सगळ्यांना वाटतंय की कोणीतरी मामाला जास्त औषध चारलं. दादाला वाटतंय, मामीला वाटतंय. सिगारेट आणि दुप्पट पातळी, यांचा संबंध ज्याला आधीपासून माहीत आहे, तोच असं म्हणेल. आणि ज्याला तो माहीत होता, त्याने रक्त तपासू का दिलं नाही?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दाराकडे पाहिलं, पण इन्स्पेक्टर खिडकीपासून दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत बांधणीच्या टेबलावरचं ते खोकं.

"हे तुमच्या दुकानातलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "वरच्या लेबलवर पुढच्या वर्षीची तारीख आहे. वाफेने ते सुटलंय आणि खाली दुसरं लेबल निघालंय. त्यावरची तारीख कधीच उलटून गेली आहे. मुदत संपलेली औषधं किती वर्षं विकताय?"

जन्मभर खळीत हात घालणाऱ्या माणसाला एकावर एक चिकटवलेले दोन कागद बोटाने कळतात. काकांनी ते जाणायला हवं होतं.

"त्याने मला मुदत दिली होती," काका हळूच म्हणाले. "महिनाभराची. म्हणाला, तू स्वतः बंद कर, सगळा माल जाळून टाक, मी कोणाला सांगणार नाही. नाहीतर मी सांगेन. शाळेपासूनचा मित्र, आणि मला मुदत घालतो!" मग ते मामीकडे वळले, तिच्या पाठीवर पुन्हा हात ठेवला. "वहिनी, मी त्याला काहीही दिलं नाही हो. एक कणसुद्धा नाही."

मामीने त्यांचा हात पाठीवरून काढला आणि बाजूला ठेवला. एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

७

मामा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. गोळ्यांचा डोस निम्म्यावर आणला होता. सगळं त्याला एकदम सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले होते, पण मामाने दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "त्याला पकडलं का?"

दादाने मान हलवली आणि न झालेल्या रक्ततपासणीपर्यंतचं सगळं सांगून टाकलं. मग तो भिंगरीकडे वळला. "मी काल जे बोललो..." 

"मीही मनात तुझंच नाव घेतलं होतं," भिंगरी म्हणाली. "फिटंफाट."

पण फिटंफाट नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.  सकाळी नर्सने डोकेदुखीची साधी गोळी पुढे केली, तेव्हा भिंगरीने हात मागे घेतला होता.

मामा भिंतीकडे तोंड करून पडला. झोपला असं वाटून मामी उठली, तेव्हा तो बोलला.

"गेल्या आठवड्यात मी त्याच्या दुकानात गेलो होतो. चालत. वाटेत एकदाही न थांबता! कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. इतका आनंद झाला होता मला, म्हटलं पहिलं त्यालाच सांगावं. मी काउंटरवर हात टेकले आणि म्हणालो, बघ, धाप लागली नाही. तुझ्यामुळे."

"मग? काय म्हणाला?" मामीने विचारलं.

"काही नाही. रडायला लागला. हुंदके देऊन." मामाने कूस वळवली. "मला वाटलं, आनंदाने रडतोय. मीच त्याची समजूत काढली गं. गिऱ्हाइकांसमोर त्याला जवळ घेतलं. तो म्हणाला, उद्या तुझं रक्त काढायला येतो. आणि आला."

 भिंगरीने खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली आणि मामाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.